परक्या पाण्यावरचे थर

आपल्याकडे खेळ आणि कला यांची खाती वेगवेगळी आहेत. जिमखान्याचा पैसा निराळा, नाट्यमंडळाचा निराळा. स्नेहसंमेलनातसुद्धा क्रीडास्पर्धांची बक्षिसे एका दिवशी आणि विविध गुणदर्शन दुसऱ्या दिवशी. धावपटूला त्याच्या धावण्यामागचे कथानक कोणी विचारीत नाही आणि नटाची उडी कोणी टेपने मोजीत नाही. परंतु ही दोन्ही खाती एकत्र झालेला एक खेळ जगात आहे. त्यात वेशभूषा आहे, कथानक आहे, संगीत आहे, निवेदक आहे, विदूषकदेखील आहे. आणि त्याच वेळी ताशी साठ किलोमीटर वेगाने, पायात काहीही न घालता, पाण्याच्या पृष्ठावरून घसरत जाणारी माणसेही आहेत. या खेळाला शो स्कीइंग असे म्हणतात. वॉटर स्कीइंगचे हे सांघिक आणि रंगमंचीय रूप होय.

प्रस्तुत लेखात या खेळाची ओळख करून द्यावयाची आहेच. पण मला त्यापेक्षा अधिक कुतूहल आहे ते एका प्रश्नाचे. असा संघ परदेशी स्पर्धेला निघतो तेव्हा तो काय बरोबर नेऊ शकतो आणि काय मागे ठेवून जातो? क्रिकेटचा संघ परक्या खेळपट्टीवर खेळतो हे खरे, पण बॅट आपली असते आणि चेंडू सगळीकडे सारख्याच वजनाचा असतो. शो स्कीइंगच्या संघाला मात्र आपले पाणी, आपल्या बोटी आणि बरीचशी आपली माणसे घरी ठेवून विमानात बसावे लागते. आणि हा खेळ मुळात या तिन्हींवरच उभा आहे.

आधी मूळ खेळाविषयी थोडे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात लेक सिटी नावाचे गाव आहे. तेथे मिसिसिपी नदीचे पात्र इतके रुंद होते की त्याला पेपिन सरोवर असेच नाव पडले आहे. या गावातील राल्फ सॅम्युएलसन नावाच्या तरुणाला वाटले, बर्फावर स्की चालतात तर पाण्यावर का चालू नयेत? त्याने प्रथम पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की पाहिल्या. दोन्ही बुडाल्या. शेवटी त्याने आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशा पाइनच्या दोन फळ्या आणल्या, त्यांची टोके आईच्या तांब्याच्या हंड्यात उकळून मऊ केली आणि वर वाकवली. भाऊ बेन बोट हाकीत होता. पुष्कळ वेळा पाण्यात पडल्यावर त्याच्या ध्यानात आले की फळ्यांची टोके पाण्याबाहेर ठेवून मागे रेलून बसले पाहिजे. २ जुलै १९२२ रोजी तो पाण्यावर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला एकोणिसावे वर्ष पूर्ण झाले. १९२५ मध्ये चरबी फासलेल्या उतरत्या फळ्यावरून त्याने पाण्यावरची पहिली उडीही मारली. एवढे करून त्याने पेटंट काही घेतले नाही. पुढे तो टर्की पक्षी पाळण्याच्या धंद्यात पडला आणि जग त्याला विसरले. अमेरिकन वॉटर स्की असोसिएशनने त्याला या खेळाचा जनक म्हणून मान्यता दिली ती १९६६ मध्ये.

पेटंट घेतले ते फ्रेड वॉलर या गृहस्थाने, १९२५ मध्ये. हा मनुष्य आपल्या कलाशाखेच्या वाचकांनी ध्यानात ठेवावा असा आहे, कारण तीन कॅमेऱ्यांनी चित्रण करून भल्यामोठ्या वक्राकार पडद्यावर दाखवावयाचे सिनेरामा हे तंत्रही त्यानेच काढले. १९५२ मध्ये सिनेरामाचा पहिला चित्रपट निघाला तेव्हा त्यात वॉटर स्कीइंगची दृश्ये होती! खेळ आणि देखावा यांचे लग्न असे प्रारंभीच लागलेले होते.

माणूस पाण्यावर उभा राहतो कसा, हे विज्ञानशाखेच्या मित्रांना सांगावयास नको, तरी दोन शब्द. पाणी हे हवेच्या सुमारे आठशे पट घन आहे. वर उचललेल्या टोकाची फळी वेगाने पाण्यावरून ओढली की ती पाण्याला खाली आणि पुढे ढकलते, आणि पाणी तिला वर ढकलते. हा वर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. म्हणून वेग कमी असेल तर फळी मोठी लागते आणि वेग जास्त असेल तर लहान फळी पुरते. सॅम्युएलसनच्या दोन फळ्यांचे क्षेत्रफळ बारा चौरस फूट होते. माणसाच्या दोन्ही तळव्यांचे क्षेत्रफळ जेमतेम अर्धा चौरस फूट भरेल. तरीसुद्धा वेग पुरेसा वाढविला तर तळवेच स्कीचे काम करतात. १९४७ मध्ये फ्लॉरिडा राज्यातील विंटर हेवन येथे ए. जी. हॅनकॉक या तरुणाने हे प्रथम करून दाखविले.

विंटर हेवनचेच सायप्रेस गार्डन्स हे शो स्कीइंगचे माहेर समजले जाते. डिक पोप आणि त्यांच्या पत्नी ज्युली यांनी १९३६ मध्ये ही बाग लोकांसाठी उघडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डिक पोप सैन्यात गेले होते. वृत्तपत्रात स्की करणाऱ्यांचे छायाचित्र पाहून जवळच्या छावणीतील काही सैनिक बागेत आले आणि ‘खेळ किती वाजता आहे?’ असे विचारू लागले. खेळ वगैरे काही नव्हताच. ज्युलीबाईंनी मात्र प्रसंगावधान राखून वेळ सांगून टाकली आणि शाळेतून आलेल्या आपल्या मुलांना व त्यांच्या मित्रमंडळींना पाण्यात उतरविले. पुढच्या आठवड्यात सैनिक शेकड्यांनी आले असे सांगतात. बाईंचे हे धाडस मला फार आवडते. नाटक जाहीर करून मग संहिता शोधावयाची, ही पद्धत आपल्याकडील हौशी नाट्यसंस्थांना अपरिचित नाही. पुढे या बागेने स्त्रियांची नृत्यपंक्ती, माणसांचे मनोरे, जोडीने केलेल्या कसरती असे प्रकार रूढ केले. १९५३ मध्ये एस्थर विल्यम्सचा एक चित्रपटही तेथे झाला. २००९ मध्ये सायप्रेस गार्डन्स बंद पडले आणि त्या जागी २०११ मध्ये लेगोलँड उभे राहिले.

हे झाले धंदेवाईक खेळांविषयी. परंतु स्पर्धात्मक शो स्कीइंग वाढले ते उत्तरेकडील विस्कॉन्सिन राज्यातील हौशी मंडळांमुळे. त्या राज्यात सरोवरे पुष्कळ, उन्हाळा लहान, आणि गावाला संध्याकाळी जमावयास काहीतरी निमित्त हवेच. मिनोक्वा या गावात १९५० पासून असे मंडळ चालू आहे. जेन्सव्हिल येथील रॉक अॅक्वा जेज हे मंडळ १९६१ मध्ये निघाले आणि त्याने राष्ट्रीय विजेतेपद अनेकदा मिळविले. जेन्सव्हिल हे नाव आपल्या ऐकण्यात नसेल, पण तेथील एक वस्तू आपल्या वडीलमंडळींच्या खिशाला लावलेली असे. पार्कर पेनचा कारखाना १८८८ मध्ये याच गावी निघाला. गावात जनरल मोटर्सचा मोठा मोटार कारखानाही होता. तो २३ डिसेंबर २००८ रोजी बंद पडला आणि हजारो कुटुंबांचे उत्पन्न गेले. तरी उन्हाळ्याच्या संध्याकाळी ट्रॅक्स्लर पार्कमध्ये रॉक नदीच्या काठी गावकरी जमत राहिले आणि गावातीलच मुले-मुली, शिक्षक, दुकानदार त्यांना विनामूल्य खेळ दाखवीत राहिले. शो स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धा भरली तीही या गावीच, २०१२ च्या सप्टेंबरमध्ये.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. वॉटर स्कीइंगची आंतरराष्ट्रीय संघटना १९४६ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झाली. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९४९ मध्ये फ्रान्समधील ज्वाँ-ले-पँ येथे झाली. १९७२ च्या म्युनिच ऑलिंपिकच्या वेळी कील येथे या खेळाचे प्रात्यक्षिकही झाले. मग शो स्कीइंगला जागतिक स्पर्धेसाठी आणखी चाळीस वर्षे का थांबावे लागले? माझ्या मते याचे उत्तर सामानात आहे. जागतिक स्पर्धेतील नेहमीचे तीन प्रकार, म्हणजे बोयांमधून वळणे घेत जाणे, कसरती आणि लांब उडी, हे एकेकट्याचे आहेत. खेळाडूने आपली स्की काखेत मारली की झाले. बोट कोणतीही चालते, कारण ती सर्वांना सारखीच असते. शो स्कीइंगचा संघ असा काखेत मारून नेता येत नाही.

तो का नेता येत नाही हे समजण्यासाठी त्याचा एक प्रयोग कसा होतो ते पाहू. प्रयोग हाच शब्द योग्य आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत संघाला साधारण एक तास मिळतो. मांडामांडीचा वेळही मोजून दिलेला असतो. आपल्या एकांकिका स्पर्धांत पडदा वेळेवर न पडल्यास जी गत होते तीच येथेही होते. तेवढ्या वेळात एखादी कथा गुंफून दहा-पंधरा प्रवेश सादर करावयाचे. दहा-वीस मुलींची एक ओळ एकाच बोटीमागे नृत्याच्या हालचाली करीत येते. मग स्विव्हल स्कीचा प्रवेश होतो. या स्कीवर पाऊल बांधावयाचे खोबण फिरते असते, त्यामुळे स्की सरळ पुढे जात राहते आणि वर उभी असलेली मुलगी मात्र एका पायावर गिरकी घेते. जोडीच्या प्रकारात पुरुषाच्या कमरेच्या पट्ट्याला दोर जोडलेला असतो. त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि तो जोडीदारणीला डोक्यावर तोलून धरतो. रॅम्पवरून कोलांटउड्या होतात. अनवाणी मंडळी येतात. आणि अखेरीस मनोरा. या सर्वांच्या मधल्या जागा काठावरचे नट आणि विदूषक भरून काढतात, कारण पाणी रिकामे दिसले की गुण जातात.

परीक्षक केवळ पाण्यावरच्या माणसांना गुण देतात असे नाही. बोट कशी हाकली, ध्वनियोजना कशी होती, निवेदकाने प्रयोग कसा पेलला, धक्क्यावरच्या मंडळींनी दोर आणि स्की किती सफाईने पुरविल्या, यांनाही गुण असतात. बोटचालकासाठी स्वतंत्र पारितोषिक ठेवणारा दुसरा खेळ माझ्या माहितीत नाही. नाट्यस्पर्धेत प्रकाशयोजनेला बक्षीस असते त्याच जातीची ही गोष्ट, फक्त येथे प्रकाशयोजनाकाराची चूक झाली तर नट पाण्यात पडतो.

आता मनोऱ्याकडे वळू. गोविंदांचे थर पाहिलेल्या महाराष्ट्रीय माणसाला माणसांच्या मनोऱ्याचे नवल नाही. परंतु आपले थर ज्या जमिनीवर उभे राहतात ती जागची हलत नाही. पाण्यावरच्या मनोऱ्याचा तळ ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेगाने धावत असतो. सर्वांत खालच्या रांगेतील दणकट पुरुषांचे दोर कमरेच्या पट्ट्याला जोडलेले असतात. वर चढणाऱ्या मुली पायातील स्की झटकून टाकतात, खालच्याच्या वाकवलेल्या मांडीवर पाय देतात आणि खांद्यावर उभ्या राहतात. तीन थर तर नेहमीचेच, चार थरही चांगले संघ लावतात.

हे किती वेळात करावयाचे असते, याचा साधा हिशेब मांडून पाहावा. बोटीचा वेग ताशी बत्तीस किलोमीटर धरला तर सेकंदाला जवळजवळ नऊ मीटर होतात. समजा, पाण्याचा सरळ पट्टा पाचशे मीटरचा आहे. तो छप्पन्न सेकंदांत संपतो. या छप्पन्न सेकंदांत थर चढावयाचे, प्रेक्षकांसमोर हात उंचावून मिरवावयाचे आणि वळण येण्याच्या आत नीट उतरावयाचे. वळणावर मनोरा उभा ठेवणे अवघड, कारण वळणात बाहेरच्या माणसाला जास्त अंतर कापावे लागते आणि आतल्याला कमी. रांग वीस मीटर रुंद असेल आणि मध्यभाग शंभर मीटर त्रिज्येच्या वळणावरून ताशी बत्तीस किलोमीटरने जात असेल, तर बाहेरचा ताशी पस्तीसने जातो आणि आतला एकोणतीसने. आतल्याचा दोर सैल पडतो, तो बुडू लागतो आणि त्याच्या खांद्यावर तीन माणसे असतात.

म्हणून चालकाचे महत्त्व. सुरुवातीस सर्व खालचे लोक पाण्यात अर्धे बुडालेले असतात तेव्हा बोटीवर ओढ सर्वांत अधिक असते. त्या क्षणी गती एकदम दिली तर हात निसटतात. कमी दिली तर कोणी वर येतच नाही. एकदा सारे पाण्यावर आले की ओढ झटकन कमी होते, आणि त्याच वेळी वेग उसळू न देता धरून ठेवावा लागतो. चालकाच्या शेजारी मागे तोंड करून बसलेला निरीक्षक असतो, कारण चालकाने मागे पाहावयाचे नसते. शिवाय आणखी एक मनुष्य असतो, ज्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत कोणी मोठ्या अक्षरात छापीत नाही. तो बोटीतील दोरांच्या खिळीवर हात ठेवून बसतो. कमरेला दोर जोडलेला मनुष्य पडला तर त्याला मूठ सोडून देता येत नाही. तो बोटीमागे पाण्याखालून फरफटत जाईल. खिळीवरच्या माणसाने तत्क्षणी ती ओढून दोर मोकळा करावयाचा. उशीर झाला तर माणूस जायबंदी होतो आणि उगीच घाई केली तर उभा मनोरा कोसळतो. खालच्या माणसाचा जीव या एका मुठीत असतो, आणि तो वर्षानुवर्षे याच मुठीवर विश्वास टाकून उभा राहिलेला असतो.

अशा संघाला आता परदेशी पाठवू. पहिली अडचण माणसांची. मोठ्या मंडळाच्या प्रयोगाला काठावरची माणसे धरून शंभरच्या घरात लोक लागू शकतात. एवढ्यांची विमानभाडी हौशी मंडळाने कोठून आणावीत? काही ठिकाणी प्रयोगाच्या वेळी प्रेक्षकांतून बादली फिरवून पैसे जमवितात. त्या बादलीतून समुद्रापार जाणे कठीण. तेव्हा निवडक खेळाडू पाठवावे लागतात, आणि राष्ट्राचा संघ म्हटला की तो निरनिराळ्या मंडळांतून निवडावा लागतो. म्हणजे प्रत्येक खेळाडू उत्तम, पण खालच्याला वरचीचे वजन अपरिचित. आपल्या आंतरमहाविद्यालयीन संघांत असे होतेच. पण कबड्डीत अपरिचिताची चूक एका गुणाला पडते. येथे ती मानेवर पडू शकते. शिवाय घरी जो मनुष्य धक्क्यावर स्की पुरवितो तो राष्ट्रीय संघात सहसा निवडला जात नाही, कारण कोणी त्याच्याकडे पाहिलेलेच नसते. म्हणून परदेशी चांगले नाव काढावयाचे तर नुसते कसरतपटू निवडून भागत नाही. खिळीवरचा मनुष्य आणि चालक हेही खेळाडूंइतक्याच काळजीने निवडावे लागतात. मला तर वाटते, ते आधी निवडावेत.

दुसरी अडचण बोटीची. जड मनोऱ्यांसाठी बोटीच्या मागे दोन-तीन यंत्रे ओळीने बसविलेली असतात. अशी बोट कोणी विमानातून नेत नाही. यजमानांची वापरावी लागते. यंत्राची शक्ती तीच असली तरी गतीची दांडी किती ढकलल्यावर किती ओढ मिळते, हे प्रत्येक बोटीचे निराळे असते. परक्या सायकलचा ब्रेक कसा लागतो हे पहिल्या उतारावर कळते, तसाच हा प्रकार. सरावाला मिळणारे थोडे तास यातच खर्च होतात.

तिसरी गोष्ट पाण्याची. वरील हिशेबात सरळ पट्टा पाचशेऐवजी चारशे मीटरचा निघाला तर छप्पन्न सेकंदांचे पंचेचाळीस होतात. अकरा सेकंद गेले म्हणजे एक थर गेला. नदी वाहती असेल तर गुंता वाढतो. स्कीला ठाऊक असतो तो पाण्याच्या संदर्भातील वेग, काठ तिला ठाऊक नाही. पाणी सेकंदाला एक मीटर वाहत असेल, तर प्रवाहाबरोबर जाताना काठावरून पाहणाऱ्याला तीच माणसे सेकंदाला दहा मीटर जाताना दिसतील, आणि उलट जाताना आठ. चारशे मीटरचा पट्टा एकीकडून चाळीस सेकंदांत संपेल, दुसरीकडून पन्नास. संगीत मात्र आधीच ध्वनिमुद्रित केलेले! शिवाय शहरातून जाणाऱ्या नदीला बांधीव काठ असले तर बोटीच्या लाटा त्यावर आपटून परत येतात आणि मागून येणाऱ्या स्कीखाली पाणी खडबडीत करतात. गवताळ उतरत्या काठावर त्या विरून जातात.

पाणी हा या खेळाचा केवढा मोठा भागीदार आहे, याचा धडा विस्कॉन्सिनमधील टॉमी बार्टलेट यांच्या धंदेवाईक मंडळीला एकदा फार विचित्र रीतीने मिळाला. त्यांचे खेळ १९५३ पासून विस्कॉन्सिन डेल्स येथील डेल्टन सरोवरावर होत. ९ जून २००८ रोजी अतिवृष्टीने सरोवराचा काठ फुटला आणि काही तासांत सारे पाणी शेजारच्या विस्कॉन्सिन नदीत निघून गेले. खेळाडू होते, बोटी होत्या, प्रेक्षकही होते, समोर चिखल होता. त्या हंगामात मंडळीने रंगमंचावरच्या कसरतींवर वेळ निभावली. सरोवर पुढे भरले, पण २०२० मध्ये महामारीच्या काळात हे खेळ कायमचे थांबले.

चौथी अडचण ऋतूंची, आणि ती फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेखेरीज हा खेळ ऑस्ट्रेलियात चांगला रुजला. तेथे कीथ विल्यम्स यांनी १९५८ मध्ये क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ नेरांग नदीवर स्कीचे खेळ सुरू केले आणि त्यातूनच पुढे गोल्ड कोस्टचे प्रसिद्ध सी वर्ल्ड उभे राहिले. पण ऑस्ट्रेलियाचा उन्हाळा म्हणजे विस्कॉन्सिनचा हिवाळा. तेथील सरोवरे त्या दिवसांत गोठलेली असतात. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यात तेथे जाणाऱ्या उत्तरेकडील संघाला शेवटची तयारी एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत, लाकडी जमिनीवर, कोरडे थर लावून करावी लागते. उलट २०१२ च्या सप्टेंबरमध्ये जेन्सव्हिलला आलेले ऑस्ट्रेलियन खेळाडू नुकतेच हिवाळ्यातून बाहेर पडलेले होते, आणि यजमान मात्र सबंध उन्हाळा रॉक नदीवर घालवून बसले होते. ती स्पर्धा अमेरिकेने जिंकली. यजमानांच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही, परंतु वरील सर्व अडचणींपैकी एकही त्यांच्या वाट्यास आली नव्हती, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

त्याच सुमारास अमेरिकन शो स्कीपटू चीनमधील लिउचौ येथे जाऊ लागले. दक्षिण चीनच्या ग्वांगशी प्रांतातील हे औद्योगिक शहर. लिउ नदी त्याच्या मध्यभागाला जवळजवळ वेढा घालून वळते. नदीचा हा बाक दिसावयास फार सुंदर, पण सरळ पट्टा शोधणाऱ्या चालकाच्या दृष्टीने बाक तो बाकच. येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि तो आपल्या शाखेचा आहे. प्रयोगाची कथा निवेदक सांगतो, विनोद विदूषक करतो, आणि प्रेक्षकांची भाषा दुसरीच आहे. घरी हमखास हशा मिळविणारे वाक्य येथे दुभाष्याच्या हाती सोपवावे लागते, आणि तोवर बोट निघून गेलेली असते. अशा वेळी शब्द कमी करून अंगविक्षेपांवर आणि वेशभूषेवर भर द्यावा लागतो, म्हणजे तासाभराची संहिताच नव्याने लिहावी लागते. परदेशी नाटक नेणाऱ्या आपल्या संस्थांचा प्रेक्षक बहुधा मराठीच असतो. त्यांना ही अडचण तितकीशी जाणवत नसावी.

घरी, आपल्या पाण्यावर, आपल्या माणसांत हा खेळ कोठवर जाऊ शकतो याची कल्पना जेन्सव्हिलमधील एका विक्रमावरून येईल. १८ ऑगस्ट २०१८ रोजी रॉक नदीवर एका बोटीमागे ऐंशी माणसांचा मनोरा उभा राहिला आणि त्याची नोंद गिनेसच्या ग्रंथात झाली. ऐंशी माणसांचे दोर, त्यांच्या खिळ्या आणि एक चालक! असा मनोरा परमुलखात लावून दाखवील तो संघ मला पाहावयाचा आहे.

भाषेची अडचण एका ठिकाणी मात्र येत नाही. स्की करणारे आणि बोटीतले यांच्यामध्ये यंत्राच्या आवाजामुळे बोलणे कधी शक्यच नव्हते, म्हणून खुणांची एक लहानशी भाषा सर्वत्र ठरून गेली आहे. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा, हात गळ्यावरून आडवा फिरविला म्हणजे यंत्र थांबवा, डोक्यावर थोपटले म्हणजे मला काठाकडे न्या. मनोरा कोसळला की बोट वळून येईपर्यंत पाण्यावर विखुरलेली डोकी दिसत असतात. त्यांतील प्रत्येकाने दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोडावयाचे, म्हणजे ‘मी सुखरूप आहे’. वळून आलेल्या बोटीतला निरीक्षक मोठ्याने मोजू लागतो, आणि जितके चढले होते तितके हात भरल्याशिवाय पुढचा प्रवेश सुरू होत नाही.